बावीसातला एक फूट

१

साहेब, तुम्ही खोटं बोललात. चुकून नाही, ठरवून. ज्याच्याविषयी बोललात तो उठून उत्तर द्यायला येणार नाही याची आधी खात्री करून घेतलीत आणि मग तोंड उघडलंत.

आमच्या तिरुप्पुन्नूरच्या देवीचा रथ गेल्या चैत्रात पश्चिम वीथीत मोडला. मागचं उजवं चाक फुटलं आणि त्याखाली माझा थोरला भाऊ सोलैमलै गेला. रस्त्यावरचं रक्त धुऊन व्हायचं होतं तोवर तुम्ही मंडपात माईक हातात घेतलात. 'पाचर उशिरा लागली. लावणारा प्यायला होता. चाक पाचरीवर चढलं आणि तुटलं. देवळाचा काही दोष नाही.' झाली चौकशी. देवळाचा कारभार बघणारे तुम्ही, चौकशी करणारे तुम्ही, निकाल देणारेही तुम्हीच. वरून नारळसुद्धा तुम्हीच फोडलात.

रथ ओढायला हजार हात लागतात. थांबवायला आणि वळवायला मात्र एकच माणूस असतो, चालत्या चाकाखाली लाकडी पाचर सरकवणारा. आमच्या घरात हा मान पणजोबापासून आहे. उत्सवाचा ध्वज चढला की पाचरीवाल्याच्या मनगटाला हळदीचा दोरा बांधतात. तो सुटेपर्यंत मांस नाही, बायकोची खोली नाही, दारूचं तर नावच नको. माझा भाऊ त्या दिवसांत घरी झोपायचासुद्धा नाही, रथाच्या सावलीत पडायचा. दोरा मनगटावर असतानाच तो गेला. त्याच मनगटात तुम्ही बाटली दिलीत.

मग पाचर आमच्या घरातून उचलून नेलीत. यंदा ती कुठल्याशा परगावच्या भाडोत्र्याच्या हातात द्यायची ठरलीय म्हणे. माझी वहिनी पेच्चियम्मा किराणा आणायला गेली की दुकानातली माणसं विचारतात, "काय पेच्ची, पिशवीत काय खणखणतंय?" तिला दुसरं काही नको आहे, साहेब. नवऱ्याचं नाव धुऊन हवंय आणि ती पाचर घरात परत हवीय.

मी वडिवु. तुम्ही मला ओळखता. रथाला लोंबणारी तोंबै मी शिवते. वेताच्या गोल कड्यांवर चढवलेली ती रंगीत कापडी नळकांडी. गेल्या वर्षी तुम्ही मंजूर केलेलं कापड प्रत्येक कड्याला तोकडं पडलं. फट बुजवायला मी पेच्चीच्या जुन्या लाल सुंगुडी साडीचे तुकडे जोडले. ते ठिगळ बघून तुम्ही चारचौघांत म्हणालात, "शिंपिणीच्या घरात कापड कमी पडत नाही, मुरतं." लोक हसले. मी ते विसरले नव्हते, पण त्याचा अर्थही मला तेव्हा लागला नव्हता.

अर्थ लागला तो भाजलेल्या पायामुळं. यंदाचा उन्हाळा चढायला लागला होता. भर दुपारी दक्षिण वीथीतून जाताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी उड्या मारत सावली गाठायला निघाले, तर तळव्याला काहीतरी टोचलं. खाली बघितलं. डांबरात चार गोल खड्डे, एका ओळीत, जणू कुणी चार बोटं रुतवून ठेवलीत.

जरा पुढं तसेच चार. त्याच्याही पुढं तसेच.

चटका विसरून मी तिथंच उभी राहिले. माझ्या पायाखाली भावाचा मारेकरी चालत गेला होता, आणि जाताना पावलं उमटवून गेला होता.

२

दुसऱ्या दुपारी मी पेच्चीला घेऊन आले. त्या उन्हात गावातलं कुत्रंही बाहेर नसतं, म्हणून तीच वेळ बरी. माझी टेप पाच फुटी, म्हणून झालरीची लांब नाडी मोजून, फुटाफुटाला गाठ मारून आणली होती.

"तुझा अण्णा असता तर म्हणाला असता, दोघींना ऊन लागलंय," पेच्ची म्हणाली.

"असता तर हे करावं लागलं नसतं. टोक धर, वहिनी."

चाकाभोवती जी लोखंडी पट्टी असते तिला धाव म्हणतात. धावेची दोन टोकं जिथं मिळतात तिथं जाड तुकडा ठोकून सांधा करतात, आणि त्याच्या रिवेटांची डोकी वर राहतात. चैत्रातलं डांबर म्हणजे लोणी. चाक एकदा पुरं फिरलं की सांधा एकदा खाली येतो आणि आपला ठसा ठेवतो. तेव्हा एका ठशापासून दुसऱ्या ठशापर्यंतचं अंतर म्हणजे त्या चाकाचा परीघ. यात कसली विद्या नाही, डोळे उघडे हवेत.

रथाच्या तीन जुन्या चाकांच्या सांध्यांना तीन-तीन रिवेटं. मागचं उजवं चाक गेल्या वर्षी नवं केलं, त्याला चार. सूसै लोहार तेव्हा गावभर सांगत फिरत होता, "जुन्या लोहारांनी तीन मारले, मी चार मारले." त्यामुळं कुठला ठसा कुणाचा हे ओळखायला अडचण नव्हती.

डावीकडं तीन डोक्यांच्या दोन ठशांत नाडी ताणली. बावीस फूट आणि चार बोटं. उजवीकडं पुढच्या जुन्या चाकाचे ठसे होते, तेही बावीस आणि चार बोटं. मग चार डोक्यांचे.

"एकवीस," पेच्ची म्हणाली. "वर चार बोटं."

"नीट बघ."

"गाठी तुझ्या, डोळे माझे. एकवीस."

पुढच्या दोन ठशांत मोजलं, त्याच्या पुढच्यांत मोजलं. एकवीस आणि चार बोटं. ती चार बोटं सगळीकडं सारखी, लोखंडाच्या जाडीची. ती सोडून दिली. उरला बावीसला एकवीस.

"एका फुटानं असं काय होतं गं?"

मी कोळशानं भिंतीवर मांडलं. वर्तुळाच्या आरपार जी रेघ जाते तो व्यास. त्याला बावीसनं गुणा, सातानं भागा, परीघ मिळतो. सात फुटी चाकाचा परीघ बावीस, हे रथावर काम करणारा प्रत्येकजण जाणतो. आता उलटं चला. परिघाला सातानं गुणा, बावीसनं भागा. एकवीस सत्ते एकशे सत्तेचाळीस, भागिले बावीस. पावणेसातलाही जरा कमी.

"म्हणजे चाक आरपार जवळजवळ चार इंच लहान," मी म्हटलं. "रथ उभा असतो तो चाकाच्या अर्ध्यावर, आखावर. चारचे अर्धे दोन. रथाचा तो कोपरा दोन इंच खाली बसला होता. खाली दोन इंच, तर वर शिखराला वीतभर."

पेच्चीनं तोंडावर पदर घेतला. मला कळलं तिला काय आठवलं ते. त्या दिवशी सगळं गाव ओरडत होतं, देवी उजवीकडं झुकली, उजवा कौल दिला!

"मीही हात जोडले होते, वडिवु," ती म्हणाली. "तो माझ्यासमोर त्या चाकाखाली वाकत होता आणि मी झुकलेल्या शिखराला हात जोडत होते."

मला त्या क्षणी कुणाचा तरी गळा हवा होता. कुणाचा ते माहीत नव्हतं एवढंच. कारण एक गोष्ट दातात अडकल्यासारखी अडकली होती. नवं चाक तयार झालं तेव्हा मंडपात सगळ्यांदेखत त्यावर सात फुटी काठी आडवी ठेवून मोजलं होतं. मी तिथं होते. काठी या काठापासून त्या काठापर्यंत बरोबर बसली होती.

सात फुटी चाक मंडपातून निघालं आणि रस्त्यावर आलं ते लहान होऊन.

३

चाक घडवलं मूक्कैया आचारीनं. अपघातानंतर तो गावातून नाहीसा झाला होता, नुकता परतला होता. त्याचं आणि माझ्या भावाचं वाकडं होतं. चाक मोजलं त्या दिवशी भावानं ते ठोकून बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आचारी, एका जागी पोकळ वाजतंय." आचारी तेव्हा लाल झाला होता. म्हणून आधी त्याच्याकडं गेले.

तो दाराची चौकट रंधत होता. मान वर न करता म्हणाला, "ये शिंपिणी. शिवायला माझं कातडं न्यायला आलीस?"

"जाड आहे तुझं. माझी सुई मोडेल. पळालास कशाला?"

"पळालो? माझ्या मुलीची ओटी भरायची होती, कारैकुडीला. बाळंतपण तुझ्या देवीला विचारून येत नाही. मग तिथंच कामं मिळत गेली."

"चाक किती फुटी होतं?"

आता त्यानं रंधा खाली ठेवला. "सात. तू काय आंधळी होतीस त्या दिवशी?"

"रस्त्यावर ते सात नव्हतं." मी त्याला ठशांचं सांगितलं.

त्यानं चौकटीवरचा भुसा हातानं लोटला. मग म्हणाला, "मोहाचं जुनं वाळलेलं लाकूड. ते आटत नाही. आटलं तरी फटी पडतात, गोल लहान होत नाही. चाक आपोआप लहान व्हायला ते काय साबण आहे?"

"मग?"

"तासलंय कुणीतरी. कडेनं दोन-दोन इंच." त्यानं चौकटीवर मूठ आपटली. "अगं, कडेचे तुकडे एकमेकांत खुंट्यांनी जोडलेले असतात. त्या खुंट्या काठापासून तीन इंचांवर. दोन इंच तासले तर त्यांच्यावर राहिलं काय? भाकरीचा पापुद्रा! त्या चाकावर डोंगर चढवला?"

"धाव चढवताना तू होतास ना? सुतारानं पाणी ओतायचं असतं."

"रीत आहे तशी. बोलावलंच नाही. निरोप आला, धाव बसली, येऊ नको. मला वाटलं, तुझ्या भावानंच कान भरले."

"माझ्या भावावर तुझा राग होता, आचारी."

"अजून आहे. पण मला राग आला तर मी माणसाला मारीन, चाकाला नाही. माणसावर माझं नाव नसतं, चाकावर असतं." त्यानं हातातली धूळ झटकली. "आणि ऐक. तासलं असेल तर तासलेलं कुठंतरी पडलं असेल. चाक जाळून टाकलं त्यांनी, प्रायश्चित्त म्हणून; धाव भंगारात गेली, यंदा नवं चाक परगावहून आणलं. पण मोहाचं लाकूड गरीब माणूस फेकत नाही. धाव जिथं चढली तिथं बघ."

निघताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आचारी, सात फुटी चाकाला धाव किती लागते?"

"बावीस. वर सांध्याला वीतभर. का?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि सूसैच्या भट्टीची वाट धरली.

४

सूसैची भट्टी चर्चच्या मागं आहे. मला बघून त्यानं भाता सोडला आणि उगाच विझत्या कोळशांत चिमटा फिरवायला लागला.

"बस अक्का. सुंठेची सुक्कु कॉफी घेतेस?"

मी स्टुलावर बसले. एका पायाखाली लाकडाचा तुकडा सारला होता, तरी ते डुगडुगत होतं.

"सूसै, गेल्या वर्षीची धाव किती लांब होती?"

"मी मोजत नाही, अक्का. हे बघ." त्यानं भिंतीवरचं चकलं काढलं, मूठ असलेलं छोटं चाक. "हे लाकडाच्या चाकावर फिरवतो, किती फेरे झाले ते धरतो. तेवढेच फेरे लोखंडावर. वाढ एवढीशी सोडतो, कापतो. माझा बाप असंच करायचा. आकडे तुम्हा शिकलेल्यांना."

"मी तिसरीतच शाळा सोडली. लोखंडावर फेरे जुळले होते का?"

त्यानं चकलं परत भिंतीवर अडकवलं.

"तापवलं की लोखंड वाढतं म्हणतात."

"बोटभर वाढतं," तो पुटपुटला. "हातभर नाही."

स्टूल पुन्हा डुगडुगलं. मी वाकून खालचा तुकडा ओढला. बोटांना त्याचा आकार लागला आणि मी तो उजेडात धरला. एक बाजू सपाट तासलेली, दुसरी बाहेरून गोलसर. मोठ्या, खूप मोठ्या गोलाचा इवलासा भाग. आणि त्या गोल बाजूवर पिवळं. मंडपात मोजणी झाल्यावर चाकाच्या कडेला हळद लावली होती ती.

"हे स्टूल किती दिवस देवीच्या चाकावर उभं आहे, सूसै?"

तो मटकन खाली बसला. मोठा धिप्पाड माणूस, लहान मुलासारखा बसला.

"ओरडू नको, अक्का. हात जोडतो. सगळं गाव तुझ्या भावाला दारुडा म्हणतं. हे कळलं तर मला म्हणेल, येशूवाल्यानं देवीचं चाक कापलं. मग माझ्या भट्टीला आग लावायला कोळसे लागायचे नाहीत."

"तासलंस तू. सांगितलं कुणी?"

"लोखंड वैयापुरी मुदलाळींनी दिलं. कापून आलं होतं. मी चकलं फिरवलं, कमी भरलं."

"मी लोखंड नाही विचारलं. सांगितलं कुणी?"

"त्यांना विचार," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं. "मी बोललो तर माझी बायको विधवा होईल. एक विधवा पुरे झाली ना या चाकाला?"

मी तो तुकडा ओटीत घातला. वैयापुरी मुदलाळी. देवळाचे विश्वस्त, भाताच्या गिरणीचे मालक, नव्या चाकाचे दाते. रथाच्या दिवशी सगळ्यात पुढं पांढरीशुभ्र वेष्टी नेसून उभे. त्यांची पांढरी वेष्टी माझ्या डोळ्यांसमोर लाल व्हायला लागली.

५

गिरणीत धुरासारखा कोंडा उडत होता. वैयापुरींनी मला खुर्ची दिली नाही, पण हाकललंही नाही.

"तुझा भाऊ चांगला माणूस होता," ते म्हणाले. "दारूचं मला पटलं नव्हतं."

"पटलं नव्हतं तर बोलला का नाहीत, अय्या?"

"देवळात उभं राहायचं तर सगळंच बोलून चालत नाही."

डोक्यावर मोठं चक्र फिरत होतं, त्याच्या घेराला चामड्याचा पट्टा चढवलेला. मी बोट दाखवलं. "हा पट्टा तुटला तर नवा किती कापता? चक्राच्या व्यासाच्या तीनपट?"

ते खळखळून हसले. "तीनपट कापणारा आयुष्यात एकदाच कापतो. बाजारात भाताच्या राशीचा घेर तीनपट धरतात, ते चालतं. चार मुठी इकडं, चार तिकडं. तरुणपणी मी त्याच हिशेबानं पट्टा कापला. टोकं मिळेनात. बापानं त्याच पट्ट्यानं बडवलं. तीन आणि वर सातवा हिस्सा, हे माझ्या पाठीवर लिहिलंय."

"आणि तरी सात फुटी चाकाला एकवीस फुटांची धाव पाठवलीत."

हसू मावळलं. एक पट्टा फटफटत राहिला.

"मी नाही ठरवलं," ते हळू म्हणाले. "मला आकडा आला. एकवीस. मला शंका आली. मी म्हटलं, सातला बावीस लागतात, वर सांध्यालाही लागेल. उत्तर आलं, 'आचारीनं सांगितलंय. दान देणाऱ्यानं द्यावं, तोंड चालवू नये.' आचारी म्हणतोय म्हणजे चाक लहान केलं असेल, असं मी धरून चाललो."

"आचारी बावीस म्हणतो. मी विचारलं. आकडा कुठून आला?"

"देवळाच्या ऑफिसातून. फोनवर."

"आवाज कुणाचा?"

वैयापुरींनी कोंडा झटकला. "पोरी, ऑफिसात पाच माणसं आहेत. मी कुणाचं नाव घेणार नाही. ज्याची चूक असेल त्याच्या अंगावर खूण असेलच कुठंतरी. तूच शोध."

मी चिडून बाहेर पडले. माणसाच्या अंगावर हिशेबाची खूण कुठं असते?

घरी आले. यंदाच्या उत्सवासाठी गेल्या वर्षीची तोंबै दुरुस्त करायला पसरली होती. हिरवी, पिवळी, पांढरी. आणि प्रत्येक कड्याच्या मागं, उभा, एकाच रुंदीचा लाल पट्टा. पेच्चीच्या साडीचा.

मी नाडी उचलली. कडं साडेतीन फुटी. साडेतीनला अकरा लागतात. लाल पट्टा अर्धा फूट. अकरातून अर्धा गेला, साडेदहा.

साडेतीनच्या तीनपट.

तुमची खूण अंगावर नव्हती, साहेब. ती तुमच्या देवीच्या रथाला लोंबत होती, आणि मीच ती शिवली होती.

६

आता नीट ऐका. न्याय करायचा तर डोकं थंड लागतं म्हणतात. माझं नाही. पण हिशेब बरोबर आहे.

ज्यानं एकवीस सांगितलं त्यानं सातला तीननं गुणलं. गुणलं म्हणजे तो सूसै नव्हे. सूसै गुणतच नाही, चकलं फिरवतो. आचारी नव्हे, तो झोपेतही बावीस म्हणेल. वैयापुरी नव्हेत, त्यांची पाठ अजून हुळहुळते. उरलं ऑफिस. ऑफिसातल्या पाचांपैकी चौघं कधी माप ठरवत नाहीत, पुढं सरकवतात. त्याच उत्सवाच्या आधी, त्याच टेबलावर, मी अकरा फूट मागितलं तेव्हा कुणी मोठ्यानं हिशेब केला होता? 'साडेतीन तिरिक साडेदहा. एक बोट जास्त मिळणार नाही. तुम्ही लोक कापड चोरता.' ते तुमचं वाक्य आहे. आवाजही तुमचाच. माझ्या कापडाला तुम्ही चोर म्हणालात आणि रथाच्या लोखंडाला तोच हिशेब लावलात.

चूक झाली असती तर मी थुंकून सोडून दिली असती. गोल मोजताना भल्याभल्यांचं चुकतं. राशीच्या हिशेबानं रथ मोजणं ही तर आमच्या बाजाराचीच खोड. गुन्हा त्यानंतर झाला.

ती ठिगळांची तोंबै खांद्यावर टाकून मी पुन्हा सूसैकडं गेले. या वेळी पेच्चीही आली. तिनं काही विचारलं नाही. ती फक्त त्याच्यासमोर उभी राहिली. तो तिच्याकडं बघू शकला नाही, आणि मग घडाघडा बोलला.

"मी साहेबांना सांगितलं, धाव हातभर कमी आहे, दुसरं लोखंड आणू. साहेब म्हणाले, ध्वज चढलाय, मुहूर्त टळेल, वरून लोक मला विचारतील. म्हणाले, लोखंड वाढत नसेल तर चाक कमी कर. मी म्हटलं, आचारीला बोलावू. म्हणाले, त्याला कशाला, तू तासणी धरत नाहीस? आणि म्हणाले, देवीच्या कामात अपशकुन करणारा येशूवाला म्हणून तुझं नाव सांगू का गावाला?"

"पुढं," पेच्ची म्हणाली.

"रथाच्या सकाळी अण्णानं पाचर लावून बघितली. ती सात फुटी चाकाच्या गोलाईची कोरलेली. नव्या चाकाखाली बसेना, मधे प्रकाश दिसायचा. तो पाचर हातात घेऊन साहेबांकडं गेला. मी तिथंच होतो, घण घेऊन. तो म्हणाला, 'साहेब, हे चाक लहान आहे. रथ झुकेल. आज ओढू नका.' साहेब म्हणाले, 'सगळं गाव दोर धरून उभं आहे. तू आपलं काम कर, नाहीतर पाचर दुसऱ्याला देतो.'"

भट्टीतला कोळसा तडकला.

"तो काय म्हणाला?" पेच्चीनं विचारलं.

"म्हणाला, 'दुसऱ्याला देऊ नका. दुसरा मरेल.' आणि गेला."

समजलं, साहेब? तो प्यायलेला नव्हता. त्या सगळ्या गर्दीत एकटा तोच शुद्धीवर होता. म्हणूनच तुम्हाला तो प्यायलेला हवा होता. त्यानं तुम्हाला सांगितलं होतं, आणि सांगणारा मेला. म्हणून चाक जाळलंत, प्रायश्चित्ताच्या नावानं. म्हणून त्याची पाचर आमच्या घरातून नेलीत. ती कुठल्या चाकावर बसते आणि कुठल्यावर नाही हे कुणी बघू नये म्हणून. म्हणून पश्चिम वीथीवर घाईघाईनं नवं डांबर ओतलंत, देवीची वाट शुद्ध करायला. पण गुन्हेगार जिथं रक्त सांडतं तिथंच पुसतो. दक्षिण वीथी पुसायचं तुमच्या ध्यानात आलं नाही. रथ तिथूनच तर आला होता.

आता माझा सूड. मी तुमच्यावर हात टाकणार नाही. मला ते फार हवं होतं, पण पेच्चीनं मनगट धरलं.

उद्या रथ आहे. रीतीप्रमाणं रथापुढं तुम्ही चालायचं, अनवाणी. दक्षिण वीथीतल्या प्रत्येक ठशाभोवती आम्ही दोघींनी चुन्यानं गोल काढलाय. दर बावीस फुटांवर पांढरा. दर एकवीस फुटांवर लाल, काव घालून. लोकांनी विचारलं, हे काय? आम्ही नाडी त्यांच्या हातात दिली, म्हटलं, मोजा. आज दिवसभर गाव मोजतंय. तुमच्या ऑफिसातला कारकूनही मोजून गेला, तोंड लपवून. मूक्कैया आचारी सात फुटी काठी घेऊन मंडपात बसलाय. वैयापुरी मुदलाळी म्हणाले, फोनवरचा आवाज मी ओळखतो, विचारलं तर सांगेन. आणि सूसैनं तो हळदीचा तुकडा माझ्याकडून मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं देवीच्या पायरीवर ठेवला. त्याच्या भट्टीसमोर आज रात्री आचारीची चार माणसं बसणार आहेत, आग लावायला कोण येतो ते बघायला.

दोर जमिनीवर पडलाय. तो उचलायचा की नाही हे आता तुमच्या हातात नाही. बायकांनी ठरवलंय, पुरुषांनी मान डोलावलीय: पाचर पेच्चियम्माच्या हातात येईपर्यंत आणि माईकवर उत्तर मिळेपर्यंत एक बोटही दोराला लागणार नाही.

तोच माईक, साहेब. तोच मंडप. बावीसातला तो एक फूट माझ्या भावाच्या छातीवरून गेला.

एकवीस कुणी सांगितलं? बोला.